भूक मारायचं चूर्ण

कर्जत, ८ जाने. ७३
वैद्यबुवांचं चूर्ण आजपासून. गुग्गुळ, त्रिफळा, आमसूल आणि काय काय. चव कडूजहर. सकाळी अनशापोटी कोमट पाण्यातून, मग लगेच भरभर चालणं. "नुसतं चूर्ण घेऊन बसलात तर शून्य, बाई. चालायला लागलात की ते चरबी जाळतं." शाळेचा चढ चढताना धाप लागते, म्हणून मुकाट्यानं घेतलं. हे म्हणाले, "मग जाळतं कोण? चूर्ण की चालणं?" हसण्यावारी नेलं. पण प्रश्न चुकीचा नाही.

१६ जाने.
पाझर तलावाच्या दुष्काळी कामापर्यंत जाते आणि परत. रस्ताभर बाया, डोक्यावर घमेली. कामाशिवाय चालणारी मी एकटीच. लाज वाटते. ठकूबाई भेटली, चौथीतल्या सुमनची आई.
"बाई, कुठं निघाला?"
"चालायला."
"ते दिसतंय की. पर कुठं?"
काय सांगणार! चूर्णाचं सांगितलं. वर फुशारकी, की भूकसुद्धा लागत नाही.

३० जाने.
पोलकं सैल. चढावर धाप कमी. खूश. हे म्हणतात, आठवडाभर चूर्ण बंद ठेव, नुसती चाल, म्हणजे कळेल. धीर होत नाही.

६ फेब्रु.
शाळेला निघताना ठकूबाई दारात. आत येईना. "ते भूक मारायचं औषद चिमूटभर द्या. कामावर खायाला सुकडी मिळती, ती पोरींना ठिवते. पर खडी फोडताना माजी भूक लई तरास देती." भाकरी पुढे केली तर मान फिरवली. "मागाया न्हाई आले, बाई." औषध मागणं चालतं, भाकरी नाही. मी बोलून गेले, "अहो, ते चरबी जाळतं. तुमच्या अंगावर जाळायला आहे काय?"
ती आपल्या मनगटाकडे बघत राहिली. मग गेली. माझ्या जिभेला हाड नाही. वर्गात सुमनकडे बघवेना.

७ फेब्रु.
पुडी उघडली, परत बांधली. चूर्ण न घेताच चालले.

९ फेब्रु.
सुंठ-गूळ कुटून पुडी केली, सोबत घरची एक भाकरी बांधून घेतली. ठकूबाईला वाटेत गाठलं. "औषध आणलंय. पण अनुपान भाकरीचं. भाकरीबरोबरच घ्यायचं, तेही माझ्यासमोर. नुसतं घेतलं तर पोटात आग पडेल."
"सगळी भाकरी?"
"सगळी."
बांधावर बसून खाल्ली. रेशनच्या मिलो ज्वारीची, लाल, कोरडी. शेवटचा तुकडा पदराला बांधायला लागली, तर मी डोळे वटारले. वर्गात वटारते तसे. खाल्ला.

१७ फेब्रु.
चूर्ण बंदच. धाप वाढलेली नाही. ह्यांना सांगितलं नाही, बाजी मारल्यासारखे हसतील. ठकूबाई रोज भेटते. आज म्हणाली, "लई गुणाचं औषद, बाई. भूक पार मरती बघा." चेहरा साधा. तिला कळलंय का? विचारायची सोय नाही. मलाही नाही, तिलाही नाही.

१९ फेब्रु.
ठकूबाई म्हणाली, "कामावरल्या बायांना सांगितलं म्या. उद्या चौगी येत्यात औषदाला."
येऊ देत, म्हटलं. दुसरं काय म्हणणार?
सुंठ भरपूर आहे. पिठाच्या डब्यात हात घालून पाहिला. भाकऱ्यांचं ह्यांना आज सांगावंच लागेल, आणि नाही म्हणाले तर माझ्या वाटची देईन; माझी भूक मारायला चूर्णाची पुडी आहेच.