मूड मीटर आणि मिस्ड कॉल

३ नोव्हेंबर, सोमवार. तळेगाव.
आजपासून रोजनिशी. मोठे डिझायनर ठेवतात. आमच्या ऑफिसला मानसिक आरोग्याच्या एका ट्रस्टचं काम मिळालंय. लोहगडवाडी आणि आसपासच्या लोकांना मनातलं सांगता यावं, अशी सिस्टिम. दोन डिझाइन्स होणार, माझं आणि चैतालीचं. ट्रस्टच्या माधवी मॅडम ज्याचं निवडतील तो डिझाइन हेड. म्हणजे मी. चैताली ऑफिसात अजून नवीन आहे. चांगली मुलगी आहे. फक्त मॅडम तिला नावानं हाक मारतात आणि मला ‘अहो, ते हे’.

६ नोव्हेंबर, गुरुवार.
माझ्या अ‍ॅपचं नाव ‘मूड मीटर’. हसरे-रडके चेहरे, ग्राफ, दुःखाचा पाय चार्ट. चैताली लोहगडवाडीत जाऊन बायकांशी गप्पा मारत बसते. मॅडम त्याला रिसर्च म्हणतात. मी गावाला गेलो की माझी रजा कापतात.
संकल्प: चैतालीकडे लक्ष द्यायचं नाही. (आज तिच्या डब्यात पिठलं-भाकरी. गावातून कुणीतरी बांधून दिलेली.)

१० नोव्हेंबर, सोमवार.
तिचं डिझाइन कळलं. हसू आवरेना. अ‍ॅपच नाही. मिस्ड कॉल द्यायचा, मग कॉम्प्युटर ट्रस्टनं शिकवून तयार केलेल्या एका बाईला फोन जोडून देणार. शकुबाई नाव त्यांचं. नंबर त्यांना दिसत नाही, नाव विचारायचं नाही. आधी विचारायचं, जेवलात का. यात डिझाइन कुठाय? जेवलास का तर माझी आईपण विचारते, तिला कुणी हेड केलं नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार.
लोहगडवाडीत मूड मीटरची ट्रायल. सगळ्यांनी हसरा चेहराच दाबला. गाव एकदम आनंदी. चैताली म्हणाली, अरे सुहास, घरात फोन एकच, शेजारी सासू बसलेली, रडका चेहरा कोण दाबेल? विचारलं की सगळे बरं हाय म्हणूनच सांगतात.
जळते माझ्यावर.

१६ नोव्हेंबर, रविवार.
किरकोळ तांत्रिक अडचण. गडाच्या पायथ्याशी शालूबाईंचा भज्यांचा स्टॉल आहे. गाणी लावायला त्यांनी फोन स्पीकरला जोडलेला. ऐन गर्दीत त्यांच्या फोनमधल्या मूड मीटरचं रिमाइंडर स्पीकरवरून बोललं: शालूबाई, आज किती वेळा रडू आलं? ट्रेकर्सची अख्खी रांग वळून बघायला लागली. शालूबाई म्हणाल्या, आता कुटं तोंड दावू मी? झारा तसाच टाकून आत जाऊन बसल्या.
मला वाईट वाटलं. चैताली त्यांच्याजवळ जाऊन बसली, तेव्हा जास्त वाटलं.
आवाज मात्र स्पष्ट होता.

१८ नोव्हेंबर, मंगळवार.
चैतालीच्या सिस्टिमचीही ट्रायल सुरू झालीय. आता त्यातले बग शोधायचे. लंच टाइममध्ये टेस्ट म्हणून मिस्ड कॉल दिला. लगेच शकुबाईंचा फोन. जेवलास का बाबा? नाही म्हटलं. का न्हाई? म्हणून सांगायला लागलो. ऑफिसातली एक मुलगी, तिचा डबा, मॅडम तिला नावानं हाक मारतात ते. बाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. सुट्टी संपली. बग सापडला नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार.
टेस्टिंग रोज चालू. सखोल. आज सोमाटणे फाट्यावर गाडी बाजूला लावून केलं. डोळ्यांत पाणी आलं. तिथे धूळ फार.
मूड मीटर दुरुस्त करायचं राहिलंय. करीन. माझंच निवडणार आहेत, घाई काय.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार.
निकाल लागला. मॅडम म्हणाल्या, बायकांचे फोन येतायत, पण शिकलेले पुरुष बोलतील का, ही शंका होती. तर शकुबाई सांगतात, एक गृहस्थ रोज फोन करतात, बोलण्यावरून शहरातले वाटतात, अगदी पोटातलं बोलतात. कोण ते कळत नाही, कळायलाही नको. त्यांच्यामुळे निर्णय सोपा झाला.
चैताली हेड.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीपण. चैताली म्हणाली, जे कोणी असतील त्यांना बरं वाटू दे. मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मॅडम म्हणाल्या, अहो ते हे, तुम्हीपण छान प्रयत्न केलात हं.
खाली पार्किंगमध्ये येऊन मिस्ड कॉल दिला. माझा आवाज ऐकून शकुबाई म्हणाल्या, जेवला न्हाईस ना? बरं, सांग बाबा, आज काय केलं तुज्या त्या पोरीनं?