थर्मन गुडघ्यांवर बसला त्याची हकीकत

डेटन, रविवार

तीर्थरूप लोरीनताईस,

धाकट्या क्लीव्हनचा नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? सिनसिनाटीचे चढ चढू नकोस. व्हर्नेटा तुझ्याकडे येऊन राहिलीय असं कळलं. राहू दे. "तुझ्या तोंडून दोन गोड शब्द ऐकायला मी मरायला हवं का?" असं विचारून बायको बॅग घेऊन निघाली, आणि मला उत्तर सुचेपर्यंत बस सुटलीसुद्धा. मला काही वाटत नाही. (कॉफी स्वतःच करतो. घाण होते.)

तर विषय आमच्या 'फर्नेस' बँडचा. आम्ही वाजवायला लागलो की लोक खुर्च्या बाजूला सारून नाचायचे, हे तू पाहिलंयस. पण आमच्या गायकाला, थर्मनला, शहाणपण सुचलं! नवी रेकॉर्ड काढली ती अख्खी संथ, प्रेमाच्या गाण्यांची. व्हायोलिनवाल्या बाया आणल्या. स्वतः तळलेली कोंबडी काट्या-सुरीने खायला लागला (कोंबडीलाही लाज वाटली असेल). मला म्हणतो, "क्लीव्ह, ट्रम्पेट फुंकू नकोस, नुसता श्वास सोड." अरे, श्वास सोडायला मी कशाला हवा, खिडकी उघड की!

गाणी एवढी सभ्य झाली, की ती पहिल्यांदा ऐकवायला पास्टर ग्रिमेजनी चर्चचा हॉल दिला. तिथेच घोटाळा झाला. शेवटच्या गाण्यात थर्मन "परत ये" म्हणत गुडघ्यांवर कोसळतो आणि रडतो. (हे सगळं आरशासमोर बसवलेलं.) पण मागच्या रांगेत होत्या पांढऱ्या गणवेशातल्या सेविका. प्रार्थनेत कुणाच्या अंगात आलं की सावरायचं, हे त्यांचं जन्माचं काम. थर्मन कोसळला मात्र, सिस्टर हॅझेलटाईन पंखा घेऊन धावली, आणखी दोघींनी त्याला काखेत हात घालून धरलं. "रड बाळा, येशूला सगळं सांग!"

"अहो सोडा, गाणं चाललंय!"

"सैतान बोलतोय गं, घट्ट धर!"

आमचा ड्रमवाला ओझेल चर्चमध्येच वाढलेला. सेविका धावताना दिसल्या आणि त्याच्या हातांनी आपोआप तिथली धावती लय धरली. मग मीही जीव खाऊन फुंकलं. हॉल उठून नाचायला लागला. पास्टरांनी थर्मनचा बाप्तिस्मासुद्धा जाहीर करून टाकला. थर्मन आता माझ्याशी बोलत नाही. बरं झालं, कानाला आराम.

रेकॉर्ड सोबत पाठवतोय. गरम भांड्याखाली ठेवायला बरी आहे.

तुझा भाऊ,
क्लीव्हन

ता. क. भांड्याखाली ठेवण्याआधी, व्हर्नेटा घरात असताना, शेवटचं गाणं एकदा लाव. थर्मनच्या गळ्याकडे लक्ष देऊ नकोस. तो मध्ये थांबतो तिथे ट्रम्पेट आहे, तेवढं तिच्या कानावर पडू दे. ती गेली त्याच आठवड्यात वाजवलंय. तोंडाने मला तेवढंसुद्धा जमत नाही गं.

ता. ता. क. मी पाठवली असं तिला सांगू नकोस. तिने विचारलं तरच सांग. नाही विचारलं, तरी सांग.