तुम्ही मला चालायला लावलेली हद्द

आबा, तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली आणि मी अजून तुमच्याशी भांडतेच आहे. हद्द हा तुमचा लाडका शब्द. गावातली बाकीची माणसं गावाची ती शीव म्हणायची आणि शेताचा तो बांध. तुमची तहसील कचेरीत ऊठबस, म्हणून तुमच्या तोंडी सगळ्याला हद्दच. तामलवाडी ओलांडून सोलापूरकडं गेलं की इंग्रजांची हद्द, अलीकडं आपल्या निजामाची. आई जरा मोठ्यानं हसली की तिनं हद्द सोडली. मी ओसरीवर आले की, "पोरी, हद्दीत ऱ्हा." माझी हद्द चुलीपासून मागच्या दारापर्यंत. दादाला हद्द नव्हती. दुसऱ्यानं कुठं थांबायचं, एवढाच त्या शब्दाचा अर्थ आपल्या घरात होता.

मग ओढ्याला तो मोठा पूर आला आणि आपल्या आणि चाचीच्या शेतांमधला दगड वाहून गेला. चाची म्हणजे शेजारच्या रानाची मालकीण, नवरा मेल्यावर एकटीनं ज्वारी पिकवणारी मुसलमान बाई. तिच्या विहिरीवर तुमचा डोळा होताच. पूर ओसरल्यावर तुम्ही म्हणालात, दगड विहिरीच्या पलीकडं होता, म्हणजे विहीर आपली. भांडण पंचांपुढं गेलं आणि पंचांनी जुनी रीत काढली: शेतातलं ढेकूळ डोक्यावर घेऊन दावेदाराच्या घरातल्या कुणीतरी चालायचं, तो चालेल ती हद्द. खोटा चालला तर सव्वा महिन्यात त्याच्यावर अरिष्ट यायचं. तुम्ही स्वतः चालला नाहीत. तेरा वर्षांच्या दादाला पुढं केलं नाहीत. नऊ वर्षांच्या मला केलंत आणि पंचांना म्हणालात, "पोटच्या लेकराच्या डोक्यावर कोण खोटी माती ठिवंल?" पंचांना ते पटलं. आईला पटलं नव्हतं, पण आई तिथं नव्हती. तिची हद्द घरी होती.

मी चालते आहे. मातीचा ओला वास नाकात आहे, तुम्ही मागून हळूच सांगताय, "बाभळीकडं बघ, सरळ." विहीर माझ्या डाव्या हाताला, आपल्या बाजूला येते. निम्म्यात चाची धावत येते आणि माझ्यासमोर उभी राहते. "उतार बेटा, उतार ते डोक्यावरचं," म्हणते, आणि मग तुमच्याकडं वळून, "पाटील, घ्या ती विहीर. पोरीला काय झालं तर म्या ते पाणी कसं पिऊ?" तुम्ही पंचांकडं पाहून म्हणालात, "बघा, तिनं कबूल केलं." तिला माझी दया आली आणि तुम्ही त्या दयेचा कबुलीजबाब केलात! पुढं सव्वा महिना आई रोज पहाटे माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघायची. तुम्ही विहिरीवर मोट बसवत होता.

तुमचं तेरावं झालं आणि वाटणीची वेळ आली. दादा म्हणाला, तुला चांगलं लुगडं घेतो. मी म्हटलं, लुगडं नको, मला विहीर आणि तेवढी पट्टी दे. दोन दिवस तो धुसफुसला, शेवटी त्यानं सही केली. मी मोजणीदार बोलावला, नवा दगड जुन्या जागी पुरला, आणि जमलेल्या सगळ्या गावासमोर तुमचं नाव घेऊन सांगितलं की आमच्या आबांनी माझ्याकडून खोटं चालवलं होतं. विहीर चाचीला परत केली. न्याय वगैरे नव्हता तो, आबा, सूड होता. तुमच्या नावाला काळं लागताना मला गोड वाटत होतं. चाची तेव्हा थकली होती, तिला नीट दिसत नव्हतं. तिनं चाचपडत माझा हात धरला आणि म्हणाली, "तू तवा लेकरू व्हतीस, तुला काय कळत व्हतं?" मी व्हय म्हणाले. सगळं गावही तेच म्हणतं, की नऊ वर्षांच्या पोरीला काय कळणार, बापानं चालवलं तशी ती चालली.

हे पत्र कुठं धाडायचं नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. दगड कुठं होता ते मला पक्कं ठाऊक होतं, त्याच्यावर बसून मी चाचीच्या हातची भाकर खाल्ली होती. ढेकूळ ठेवताना तुमचा हात माझ्या डोक्यावर थोडा वेळ राहिला. त्याआधी तुम्ही मला कधी हात लावला नव्हता. तेवढ्यासाठी मी चालले.