पाण्यातले देव

चंदनसार, विरार

अहो,

तुम्ही व्हेंटिलेटरवर होतात तेव्हा आईंनी देव पाण्यात ठेवले होते. तुम्ही बरे होऊन घरी आलात की बाहेर काढायचे, असं ठरलं होतं. तुम्ही गेलात, सुतक लागलं आणि देव पातेल्यात तसेच राहिले.

आज सुतक फिटलं. आई म्हणाल्या, "राहू देत बुडालेले."

मी बाळकृष्ण काढला, तुमच्या रुमालाने पुसला, जागेवर ठेवला. मागायचं काही उरलं नव्हतं. "आता तूच बघ," एवढंच म्हटलं. तिथेच भिंतीला टेकून डोळा लागला, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा.

जाग आली तेव्हा माझ्या अंगावर तुमची शाल होती, आणि आई बाकीचे देव पुसत होत्या.

तुमची,
स्वप्ना