निंबखेडच्या पारावरची निळी बस

प्रिय मंजू,
(वाचून झाल्यावर तू मला काहीही म्हण, पण मी तुला प्रियच म्हणणार.)

आधी बाबांच्या डोळ्याचं सांग. पट्टी निघाली का? किसनराव ऐकत नसणार, मला माहीत आहे. डोळ्यात थेंब टाकायला गेलं की मान फिरवणार आणि वर तुलाच म्हणणार की तुझा हात थरथरतो. त्यांना माझा जय भीम सांग आणि म्हणावं, नीरजानं सांगितलंय, पंधरा दिवस उन्हात जायचं नाही, बैलाजवळ तर मुळीच नाही. तिकडं मेहकरकडे आता किती ऊन आहे? इथं चिखलीत आभाळ नुसतं येतं आणि जातं. आल्हाद रोज संध्याकाळी पोराला घेऊन गच्चीवर जाऊन पाहतो, जसं काही त्याच्या पाहण्यानंच पाऊस पडणार आहे.

पत्र काय लिहिते ही, असं तू म्हणत असशील. अगं, फोनवर तू मला बोलू देतेस कुठं? मी एक वाक्य सुरू केलं की तू दुसरं संपवतेस. आणि व्हॉट्सॲपवर लांब लिहिलं तर एक अंगठा पाठवून मोकळी होतेस. पत्राला मध्येच तोडता येत नाही. उद्या प्रसेनजित भाऊजी तुला न्यायला मेहकरकडे निघालेत, त्यांच्याच हाती देते. ते बियाणं घ्यायला आले होते, तेव्हा मी त्यांना तोंडीच निरोप सांगत होते, तर ते हात जोडून म्हणाले की मंजुश्रीले तुमीच सांगा, माह्यानं होत नाही. तुझा घरात काय दरारा आहे ते कळलं मला.

विषय अर्पिताच्या शाळेचा आहे. लगेच कपाळाला आठी घालू नकोस, शेवटपर्यंत वाच.

मे महिन्यात मी तुझ्या दारात आले होते ते आठवतं ना? आम्हा शिक्षकांची ती दर वर्षीची फेरी. सातवी झालेली पोरं कोणत्या घरात आहेत ते शोधायचं, ओट्यावर बसायचं, आमची शाळा किती चांगली ते सांगायचं, दप्तर देऊ म्हणायचं, दाखला हातात पडला की उठायचं. एका दारातून आम्ही निघतो आणि दुसऱ्या शाळेचे सर गाडी लावत असतात. हापशीपाशी भेटलो की आम्ही हसतो, पण हसू काही खरं नसतं. पट कमी झाला तर कुणाची तरी जागा जाते, आणि आमच्या शाळेत सगळ्यात उशिरा लागलेली मी. हे तुला कुणी सांगितलं मला ठाऊक नाही. गावात न सांगताही कळतंच.

पण याच फेरीनं मला तू परत मिळालीस, हे मी कधी विसरत नाही. नोकरीचं पहिलंच वर्ष, निंबखेडमधलं माझं पहिलंच घर, मी दार वाजवलं आणि कडेवर पोर घेऊन तू उभी. मी ठरवलेलं भाषण विसरले. तू मला आत ओढलंस आणि म्हणालीस, नीरे, तू अजून तशीच वाळकी. आपण दोघी रडलो आणि तुझ्या सासूबाईंना वाटलं, कुणाचं काही बरंवाईट झालं. कडेवरची ती पोर म्हणजे अर्पिता. आता ती माझ्या खांद्याला लागते.

यंदा मी आले तेव्हा तू मला बोलूच दिलं नाहीस. दाखला आधीच काढून ठेवला होतास. लोणच्याची बरणी पिशवीत घातलीस, बरणीवर दाखला ठेवलास, आणि पोरगी चिखलीच्या शाळेत जायचं म्हणते, त्याचं काय, हे मी विचारायच्या आतच म्हणालीस, “तू हायस ना त्या शाळेत? मंग झालं. तू हायस तोवर माही पोरगी तुह्याच वर्गात बसन.” अर्पिता चुलीपाशी होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही. मी पिशवी घेतली, कारण तुझ्यासमोर नाही म्हणणं मला शाळेत असतानाही जमलं नाही, आणि आमच्या मुख्याध्यापकांनी, शंकररावांनी, तर तो दाखला पाहून शिपायाला पेढे आणायला पाठवलं. मंजुश्रीची पोरगी आली म्हणजे वस्तीतल्या बाकीच्या पोरीही आल्या, असा त्यांचा हिशोब. तो खराच होता.

लोणचं छान झालंय. मीठ मात्र जरा जास्त आहे. हे तोंडावर सांगितलं असतं तर तू बरणी परत घेतली असतीस.

तू माझी नोकरी वाचवायला निघालीस हे मला समजलं होतं. पण मंजू, तेवढंच नव्हतं. मी तुला सहावीपासून ओळखते. आपल्या मेहकरच्या शाळेत तू तुमच्या खेड्यावरून एसटीनं यायचीस, तुझ्याबरोबर आणखी दोघी. गाडी फाट्यावर सोडायची आणि पुढं शेतांमधून रस्ता. सुटल्यावर गाडीला उशीर असायचा, तेव्हा स्टँडच्या बाकावर बसून तू मला गणितं समजावायचीस आणि माझे फुटाणे खायचीस. मग त्या दोघींची लग्नं झाली आणि तू एकटी राहिलीस. किसनराव रोज बॅटरी घेऊन फाट्यावर यायचे. कापसाच्या जिनिंगवर त्यांना रात्रीची पाळी लागली आणि ते यायचे थांबले. त्यानंतर काही दिवस तू आलीस. त्या दिवसांबद्दल तू मला कधी काही सांगितलं नाहीस आणि मीही कधी विचारलं नाही. नववीची सहामाही झाली आणि तू यायची बंद झालीस. मी बाकावर तुझी जागा संक्रांतीपर्यंत धरून ठेवली होती. पुढं सतरा नंबरचा फॉर्म भरून तू घरी बसून दहावी झालीस, आणि गणितात तुला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले. माझ्या वडिलांनी ते मला महिनाभर ऐकवलं.

तेव्हा अर्पिताला जवळच्या शाळेत घालायचं म्हणताना तुझ्या डोळ्यांपुढं तो फाटा असतो, हे काही मला सांगावं लागत नाही. निंबखेडचा फाटाही तसाच. पाऊण तास कपाशीतून चालायचं, हिवाळ्यात सहालाच अंधार. आमची शाळा कशी, नाला ओलांडला की आलीच. दिवसाउजेडी जाणार, दिवसाउजेडी येणार. आईला याहून काय हवं असतं? मी तुझ्या जागी असते तर मीही हेच केलं असतं, आणि वर तुझ्यापेक्षा जास्त भांडले असते.

पण त्याच दिवशी अर्पिता मला नाल्यापर्यंत सोडायला आली होती. स्कूटी ढकलायला मदत करत होती. मध्येच म्हणाली, “मावशी, मंग धवलले काऊन नाही टाकलं तुमच्या शाळेत?” चिडून नाही, टोमणाही नाही. आकडेमोड कुठं चुकली ते विचारावं तसं विचारलं. मी काहीतरी बोलले, आमचं घर चिखलीत आहे, माझ्या पोराला तिथली शाळा जवळ पडते, असं. तिनं मान हलवली. पण तिला माहीत आहे आणि मलाही माहीत आहे. दोन वर्षं झाली, आमच्याकडे गणिताचे सर नाहीत. मी मराठीची बाई, गाईड पाहून गणित शिकवते. बाकीची पोरं उतरवून घेतात. तुझी पोर उतरवून घेणार नाही, ती विचारेल असं का, आणि मला येणार नाही. मग वर्षभरात ती विचारायचं सोडून देईल. त्याची मला फार भीती वाटली, मंजू. तुझ्या पोरीनं माझ्या वर्गात बसून विचारायचं सोडून द्यावं, हे मला सहन झालं नसतं.

त्या रात्री मी आल्हादला म्हटलं, मला काहीतरी करायचंय. तो म्हणाला, तुला जे करायचंय ते तू ठरवूनच आली आहेस, मला फक्त जेवायला वाढ.

मग तू बाबांच्या डोळ्यासाठी माहेरी गेलीस आणि माझं फावलं. मी एसटीच्या आगारात गेले. पोरींसाठी ती निळी बस असते ना, मानव विकासची, ती आपल्या फाट्यावरून जाते. ती गावात, पारापर्यंत आणता येईल का, असं विचारलं. तिथले साहेब भले माणूस निघाले. म्हणाले, बाई, एका पोरीसाठी गाडी आत वळवता येत नाही, सहा-सात असतील तर बघतो. झालं! मी पुन्हा फेरीवर निघाले. तीच घरं, तेच ओटे, तोच अतिगोड चहा. फक्त या वेळी मी सांगत होते की पोरीला चिखलीला पाठवा, बस दारात येईल, भाडं लागणार नाही. माणसं माझ्याकडे पाहतच राहायची. महिन्यापूर्वी हीच बाई दाखला न्यायला आली होती आणि आता परत द्यायला आली. केसरबाईंनी तर नातीला हाक मारता मारता थांबून मला विचारलं, “बाई, तुमी नेमक्या कोन्या शाळेच्या हो?” मग आम्ही दोघी इतक्या हसलो की त्यांचा पदर डोळ्यांना लागला. नात जाते आहे बरं का. केसरबाईंची एकच अट होती, मंजुश्रीची पोरगी असन तर. सगळ्यांची तीच अट. गावात तुझा शब्द चालतो, आणि तुझा शब्द न विचारता मी वापरला. आता काय शिव्या द्यायच्या त्या दे.

सात पोरी झाल्या. परवा बस रिकामीच आणून पाहिली, पारापाशी वळते. ड्रायव्हर म्हणाला, चिंचेची एक फांदी तेवढी तोडा. भाऊजींनी तोडली. सकाळी पारावर, संध्याकाळी पारावर. फाट्यावर कुणीही उतरणार नाही. हे वाक्य तू दोनदा वाच.

शंकररावांना मी आधीच सांगितलं होतं, मागून कळायला नको म्हणून. त्यांनी टेबलावरची पिन उचलून डबीत टाकली. मग म्हणाले, “मॅडम, आपल्याच हातानं आपली जागा घालवता?” रागावले नाहीत, थकलेले दिसले. त्यांचंही खरं आहे. जी पोरं आमच्याकडे राहिली त्यांचं काय, हे मला नाला ओलांडताना दर वेळी आठवतं. गणिताच्या सरांसाठी मी पुन्हा अर्ज टाकलाय, पाठपुरावा करणार आहे, पण तुला खोटं कशाला सांगू, सर मिळतीलच असं नाही. शाळा बंद पडत नाही, एवढं मी विचारून घेतलंय. एक जागा जाईल.

आता तू म्हणशील, बस आणलीस, ठीक, पण मी शब्द दिलाय. तू हायस तोवर. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, मंजे. तू बसला हात दाखवून परत पाठवशील आणि पोरीला हाताला धरून नाल्यापलीकडे माझ्या वर्गात आणून बसवशील, माझी जागा राहावी म्हणून. म्हणून पट मोजला जाईपर्यंत मी थांबलेच नाही. आमच्या संस्थेची एक शाळा वडनेर भोलजीला आहे, तिथल्या मराठीच्या बाई निवृत्त झाल्या. मी बदली मागून घेतली आणि काल ती झाली. लांब आहे, घाटाखाली, रोज येणं-जाणं जमणार नाही. एक खोली पाहिली आहे, शनिवारी घरी येईन. धवल आणि त्याचा बाप खिचडी खाऊन राहतील, दोघांनाही तेवढीच येते. नाही म्हटलं तरी मी रडले, आणि मग मला तुझं बोलणं आठवून हसू आलं. तू हायस तोवर, असं म्हणाली होतीस ना? आता मी त्या शाळेत नाही. तुझा शब्द पुरा झाला. अर्पिताचा दाखला या पाकिटातच आहे, भाऊजींबरोबर चिखलीला जाऊन नाव घालून घे. सोमवारी शाळा उघडते. बस पावणेनऊला पारावर येईल, डबा आदल्या दिवशीच ठरवून ठेव. आणि पहिल्या दिवशी तू स्वतः पारावर उभी राहा, सकाळी आणि संध्याकाळीही. ती उतरली की मला फोन कर. त्या दिवशी तूच बोल, मी मध्ये एक शब्द बोलणार नाही.

तुझीच, आता जरा लांबच्या शाळेतली,
नीरजा