बाहीचं माप

दिनांक ९, मंगळवार

चि. सूनबाई,

अनेक आशीर्वाद. तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत? वडिलांचा खोकला हटला का? आपल्या चिमणीचा पुढचा दात आला की अजून बोळकंच? आणि तुझा डावा हात? प्लास्टर काढलं का, ते आधी कळव.

मी बरी आहे. शिलाई मशीनचा पट्टा तुटला होता, नवा घातला. शेजारच्या मास्तरीणबाई विचारतात, "सून कधी येणार?" मी म्हणते, "तिला विचारा, मी कोण सांगणारी!"

परवा तुझा कोर्टातला अर्ज घेऊन, बायकांच्या छळाची चौकशी करतात त्या संरक्षण अधिकारी बाई आल्या होत्या. आमचे चिरंजीव म्हणाले, "जिन्यावरून पडली ती. आईला विचारा." मी म्हटलं, "मी मशीनवर असते, मला काही दिसत नाही."

खोटं बोलले गं. पोटचा गोळा समोर बसलेला, जीभ रेटलीच नाही.

त्या गेल्यावर मापांची वही उघडली. लग्नाच्या वर्षी तुझी बाही सहा इंच. मग नऊ. मग कोपराखाली. गेल्या उन्हाळ्यात थेट मनगटापर्यंत. तू म्हणायचीस, "आई, आता अशीच फॅशन आहे." भर उन्हाळ्यात कसली आलीय फॅशन! चाळीस वर्षं मापं घेतेय मी. टेप लावताना तू अंग चोरायचीस, ते बोटांना कळत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत तुझे वळ मीच शिवून झाकले.

काल वही घेऊन बाईंच्या ऑफिसात गेले आणि तारखांसकट खरा जबाब दिला. त्या म्हणाल्या, कोर्टाचा हुकूम झाला की तो तुझ्या अंगाला हात लावू शकणार नाही, राहत्या घरातून तुला कोणी हुसकू शकणार नाही. वेळ पडली तर त्यालाच बाहेर राहावं लागेल.

घरी येऊन त्यालाही सांगितलं. म्हणाला, "तू माझी आई की तिची?" मी म्हटलं, "तुझी आहे, म्हणूनच आधी बोलायला हवं होतं." तेव्हापासून अबोला आहे.

बावीस तारखेला सुनावणीला मी येतेय, साक्षीला. माझ्याशेजारी बसायचं की नाही, या घरात परत यायचं की नाही, तूच ठरव. माझा आग्रह नाही.

तुझ्यासाठी निळं कापड आणलंय. सगळं बेतून झालं, फक्त बाही कापलेली नाही. किती ठेवू, ते दोन ओळींत लवकर लिही.

तुझी सासू
(आई म्हणायचं की नाही, तेही तुझ्यावर)