देवापुढचं पपनस

३० ऑगस्ट, शनिवार
चार नंबरच्या डुकरिणीने आज पुन्हा गोळी थुंकली. ऑपरेशनला पाच दिवस झाले. तिच्या दोन्ही किडन्या काढून परक्या डुकराची एक बसवलीय. अंगाने ती झिडकारू नये म्हणून औषध रोज पोटात जायलाच हवं. आमच्या लॅबच्या सरांची ही नवी गोळी, म्हणजे जुनंच औषध तेलात मुरवलेलं. सर म्हणतात निम्म्या डोसात काम होईल. डुकरीण म्हणते आधी चव बघा.

घरी आम्हा जैनांचं दशलक्षण पर्व. आई एकवेळ जेवते आणि मी डुकरं कापून घरी जाते. तिला सांगितलंय की जनावरांच्या औषधावर काम करते. अगदीच खोटं नाही.

३ सप्टेंबर, बुधवार
मारुतीमामा गौरी-गणपती आटोपून गारगोटीहून परत आले. डुकरांचं खाणंपिणं, शेड धुणं सगळं त्यांच्याकडे. ते आले आणि चार नंबरने गोळी निमूट खाल्ली. कसं जमवलं विचारलं तर म्हणाले, जरा लाडीगोडी लावली. मी जनावरांची डॉक्टर, पण मामांपुढे कंपाउंडर.

शेडमध्ये पपनसाचा वास. मामांच्या पिशवीत देवापुढची फळं होती. मलाही एक फोड दिली. आंबट-कडू, छान लागली.

८ सप्टेंबर, सोमवार
क्षमावणी. बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, जाऊन सगळ्यांना हात जोडले. जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर क्षमा करा. दरवर्षीचं पाठ वाक्य. धाकट्या भावाला, सुकुमारलाही म्हटलं. तर म्हणतो, "अक्का, लहानपणी माझा पतंग फाडलास, ते धरून काय?"

हात जोडताना त्याची बोटं थरथरत होती. आईची किडनी बसवून तीन वर्षं झाली. औषधाने किडनी राखली, हात घालवला. चांदीत खडे बसवण्यात पेठेत त्याच्यासारखा कारागीर नव्हता. आता काउंटरवर बसून गिऱ्हाइकांना दुसऱ्यांची घडण दाखवतो. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो, आणि आई दुसरीकडे बघते.

१५ सप्टेंबर, सोमवार
रक्ताचे रिपोर्ट आले!! किडनी बदललेल्या तिन्ही डुकरांत औषधाची पातळी भरपूर, आणि डोस निम्मा. किडन्या मजेत. सरांनी पेढे वाटले. मामांना दोन.

जेवताना घरी बोलून गेले. निम्म्यात भागलं तर थरथर कमी होईल, वगैरे. सुकुमारने दोनदा विचारलं, मी घेतो तेच औषध का? तेच, म्हटलं. अजून डुकरांवरच आहे, हेही म्हटलं. म्हटलंच असेल.

२ ऑक्टोबर, गुरुवार
दसरा. सोनं देताना सुकुमारचा हात स्थिर. डोळ्यांवर विश्वास बसेना. संध्याकाळी त्याने आईच्या जुन्या नथीतला निखळलेला खडा बसवून दिला, एका बैठकीत. आईने नथ घालून आरशात पाहिलं आणि रडली. मीही.

विचारलं तर म्हणाला, सध्या बरं वाटतंय. किती दिवसांनी घरात असा दिवस.

७ ऑक्टोबर, मंगळवार
चार नंबर खात नाही. लघवी कमी. औषधाची पातळी एकदम घसरलीय, तिघांचीही. डोस तोच, गोळी तीच. सर म्हणाले लॅबची चूक, पुन्हा पाठवा.

मामा शेडच्या दारात उभे होते. म्हणाले, "फळं सपली म्याडम. दसऱ्याला झाड मोकळं झालं."

कुठली फळं?

मग कळलं. गणपतीपुढचं पपनस पहिल्या दिवशी गोळीबरोबर घातलं. डुकरिणीने आवडीने खाल्लं. देवापुढचं फळ टाकत नाहीत, जनावराला घालतात, ही त्यांच्या घरची रीत. तेवढी फळं संपल्यावर परसातल्या झाडाची. महिनाभर रोज, तिघांनाही. खाद्याच्या रजिस्टरात भरडा, पेंड, पाणी, सगळं ग्रॅममध्ये. पपनस कुठेच नाही. का लिहिलं नाही विचारलं.

"पर्साद हाय तो. पर्साद रजिस्टरात लिवत्यात व्हय?"

घरी फ्रिजवर सुकुमारच्या पथ्याची यादी आहे. तीन वर्षांपूर्वी मीच चिकटवली. पहिलंच नाव पपनस. ते खाल्लं की हे औषध शरीरातून लवकर निघत नाही, रक्तात साचतं. म्हणजे सरांच्या गोळीने काहीच केलं नव्हतं. जे केलं ते पपनसाने.

आणि मी त्याच शेडमध्ये उभं राहून फोड खाल्ली होती. वाखाणली होती.

८ ऑक्टोबर, बुधवार
सरांना सांगितलं. निबंध पुढे गेलाय, परिषदेत वाचायचाय. म्हणाले, "आधी परिषद होऊ दे, मग बघू."

मामांना मात्र सरांनी आजच बघितलं. उद्यापासून येऊ नका. मामांनी डबा पिशवीत घातला आणि मला विचारलं, "खात न्हवतं म्हनून घातलं. उपाशी ठिवायचं हुतं?" वास मलाही आला होता, एवढं तरी सरांसमोर म्हणता आलं असतं.

९ ऑक्टोबर, गुरुवार
चार नंबर संपवली. इंजेक्शन मीच दिलं. शेवटपर्यंत माझ्या हाताला हुंगत होती, फळ असेल म्हणून. उघडून पाहिलं. किडनी सुजून काळी-लाल. अंगाने झिडकारलेली. दुसरं काही नाही.

सर म्हणाले, कारण 'जंतुसंसर्ग' लिहा. मी रकाना कोरा ठेवला. एवढंच माझं शौर्य.

११ ऑक्टोबर, शनिवार
सुकुमारचे पाय सुजलेत. आईने सकाळी चपला घालताना पाहिलं. रक्तातलं क्रिएटिनिन दुप्पट, म्हणजे किडनी थकलीय. दुपारी दाखल केलं.

डॉक्टरांनी विचारलं, औषध वेळेवर? तो हो म्हणाला. आई औषध आणायला खाली गेली तेव्हा मला जवळ बोलावलं.

"अक्का, सांजची गोळी बंद केलती. तीन आठवडे झालं. तू म्हणलीस की निम्म्यात भागतंय. आईला सांगू नको, तुला बोलंल ती."

हात स्थिर होता तो यामुळे. मी नथ बघत बसले. माझ्या जागी दुसरी कुठलीही डॉक्टर असती तर आधी गोळ्यांचं पाकीट बघितलं असतं.

डॉक्टरांना लगेच सांगितलं, तीन आठवडे निम्माच डोस. ते चिडले. कुणी सांगितलं याला असलं? म्हटलं, कुठेतरी वाचलं असेल.

हे वाक्य मी उच्चारलं. इथे लिहून ठेवते, म्हणजे नंतर विसरल्याचं सोंग करता येणार नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार
सुकुमारला सलाईनमधून स्टिरॉइड चालू. दुपारी मामांचा फोन. पगाराचं विचारतील असं वाटलं. विचारलं चार नंबरचं. खात्याय काय? खातेय, म्हटलं. ओळीने दुसरं खोटं. जीभ अडखळत नाही आता.

१३ ऑक्टोबर, सोमवार
सकाळी किडनीचा तुकडा तपासायला गेला. नुकसान परतवता येण्यासारखं आहे की नाही, ते संध्याकाळी कळेल.

सरांनी परिषदेच्या स्लाइड पाठवल्या. 'डोस निम्मा, परिणाम पूर्ण.' खाली दुसरं नाव माझं. प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या समितीला लिहिलेलं पत्र पर्समध्ये आहे, पपनसासकट सगळं, सहीनिशी. काल लिहिलं. आज टपालपेटीसमोरून दोनदा गेले. चार दिवसांत क्षमावणीचं ते वाक्य कितीदा ओठांवर आलं. त्यातला 'अजाणता' तेवढा खोटा वाटतो.

वॉर्डाबाहेर बाकावर आई. नथ काढून पदराच्या गाठीत बांधलीय.

"औषध तर येळेवर घ्यायचा की गं. मग असं कशानं झालं?"

"रिपोर्ट येऊ दे, मग बघू."

म्हटल्यावर कळलं हे वाक्य कुणाचं. आईने माझा हात धरला.

"तू हायस म्हणून धीर हाय बघ. तुला यातलं कळतंय."

मी डबा उघडला आणि तिला जेवायला वाढलं.